मोठ्या पातेल्याचं गणित: दाबलेला वायू आणि बारीक पूड

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा सिटीलिंकच्या बसमध्ये ज्यांची रेंज जाते, त्यांच्यासाठी या भागाचं हे लिखित रूप. बोलताना घेतलेले आडवळणाचे रस्ते थोडे कमी केलेत, बाकी सगळं तसंच आहे.

भागाच्या सुरुवातीला तुम्ही 'फुस्स' असा आवाज ऐकला असेल. तो माझ्या इनहेलरचा. मला लहानपणापासून दमा आहे. त्या एका फुस्समध्ये औषधाची जी पूड असते, तिचे कण किती बारीक असावेत याची गोष्ट आज सांगणार आहे. आणि त्याहून अवघड प्रश्न म्हणजे, अशी पूड चमचाभर करता आली, तर पोतंभर का करता येत नाही?

प्रश्न पुस्तकी वाटेल. पण या प्रश्नापायी एका माणसाला बोल लागताना मी पाहिलंय, आणि तेव्हा मी गप्प बसले होते. ते पुढे सांगते.

बारीक म्हणजे किती बारीक?

आमचं घर निफाड तालुक्यातलं, द्राक्षाचं. ढगाळ हवा पडली की भुरीची भीती, आणि भुरी म्हटलं की गंधक. नाना धुरळणीसाठी ३०० मेशचं गंधक आणायचे. चिमूट बोटांत चोळून बघायचे आणि जाडसर लागलं तर दुकानदाराला परत करायचे. "जाडं गंधक पानावर बसत नाही, खाली मातीत जातं," असं त्यांचं म्हणणं. धुरळणीच्या दिवशी मला मात्र आजीकडे पाठवलं जायचं. कारण तीच पूड माझ्या छातीत बसायची.

नानांचं म्हणणं शास्त्राला धरूनच होतं. ३०० मेशच्या चाळणीतून साधारण ५० मायक्रॉनपर्यंतचे कण जातात. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आता एक मिलिमीटरचा चौकोनी खडा घ्या आणि तो एक मायक्रॉनच्या तुकड्यांत फोडा. १०० कोटी तुकडे होतील आणि एकूण पृष्ठभाग १००० पट वाढेल. वजन तेवढंच. पण पानाला, पाण्याला किंवा शरीराला भिडणारा भाग हजारपट. जी औषधं पाण्यात सहज विरघळत नाहीत, त्यांना हा पृष्ठभागच तारतो.

फुप्फुसाचं गणित तर आणखी कडक. साधारण १ ते ५ मायक्रॉनचे कण आतपर्यंत पोहोचतात. त्याहून मोठे घशातच आपटतात. फार बारीक झाले, तर बरेचसे श्वासाबरोबर परत बाहेर. म्हणजे इनहेलरमधला कण नानांच्या गंधकापेक्षा किमान दहापट बारीक हवा आणि सगळे कण जवळपास सारखे हवेत.

कारखान्यात हे बहुतेक वेळा जेट मिलमध्ये होतं. वेगवान हवेच्या झोतात कण एकमेकांवर आपटवून फोडायचे. चक्कीच ती, पण दगडाऐवजी हवेची. ही पद्धत चालते, पण फुटलेल्या कणांवर विद्युतभार येतो, ते एकमेकांना चिकटतात आणि काही औषधांची स्फटिकरचना पृष्ठभागावर मोडते. म्हणून रसायनवाल्यांच्या डोक्यात जुना विचार आहे: मोठा खडा करून फोडण्यापेक्षा कण जन्मालाच बारीक घालता येईल का?

खडीसाखर, हलवा आणि माझी नोकरी

कण जन्माला कसा येतो, हे आपल्या स्वयंपाकघरात दिसतं. दाट पाकात दोरा सोडा आणि भांडं न हलवता काही दिवस ठेवा. साखरेचे रेणू सावकाश येऊन दोऱ्यावर बसतात आणि खडीसाखरेचे मोठे खडे होतात. संक्रांतीचा हलवा करताना आई परातीत तीळ फिरवत थेंबथेंब पाक सोडते. तिथेही सावकाशीचं काम, म्हणून एकेका तिळावर काटा फुलतो. उलट गरम पाक उतरवून घाईने घोटला, तर एका क्षणात सगळीकडे साखर धरते आणि पांढरं, बारीक, भुसभुशीत काहीतरी हाती येतं.

नियम एवढाच. हळू केलं तर थोडे आणि मोठे कण. झटक्यात केलं तर असंख्य आणि बारीक. पण झटका सगळीकडे एकाच वेळी बसला पाहिजे.

केमिकल इंजिनिअरिंग झाल्यावर मी एका छोट्या औषध कारखान्यात ट्रेनी म्हणून लागले. नाव घेत नाही. तिथे प्रयोगशाळेत आम्ही एक औषध ॲसिटोनमध्ये विरघळवून जोरात ढवळलेल्या थंड पाण्यात ओतायचो. २ लिटरच्या भांड्यात अशी सुरेख पूड पडायची की टाल्कम पावडर वाटावी. सगळे खूश. मग तीच कृती, त्याच प्रमाणात, ५०० लिटरच्या रिॲक्टरमध्ये केली. आत निघाले गोळे आणि लांब सुया. अख्खी बॅच रद्द झाली.

मीटिंगमध्ये ठपका आला ऑपरेटर दादांवर. "नीट ढवळलं नाही." ते पंधरा वर्षं त्याच कामावर होते. त्यांनी एवढंच म्हटलं, "साहेब, सांगितलं तसंच केलं." त्यांचा कंत्राटी करार पुढे वाढवला नाही. आणि मी, जिने ते प्रमाण कागदावर २५०ने गुणलं होतं, मी मान खाली घालून बसले होते.

बाहेर आल्यावर आमचे शिफ्ट इनचार्ज, ज्यांना सगळे मामा म्हणायचे, मला म्हणाले, "पोरी, लग्नाचा आचारी घरच्या वाटीनं मीठ मोजत नसतो."

त्या रात्री मी गणित केलं. २ लिटरचे ५०० लिटर म्हणजे माल २५० पट. पण भांड्याचा आकार तोच ठेवला, तर उंची-रुंदी वाढते फक्त ६.३ पट आणि भिंतीचं क्षेत्रफळ सुमारे ४० पट. थंडावा येतो तो भिंतीतून! म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला भिंत राहिली सहाव्या हिश्श्याहूनही कमी. शिवाय लहान भांड्यात ओतलेला थेंब डोळ्याची पापणी लवते तोवर मिसळतो. मोठ्यात त्याला कितीतरी सेकंद लागतात. त्या सेकंदांत एका कोपऱ्यात झटका बसलेला असतो आणि दुसऱ्या कोपऱ्यात खडीसाखर बनत असते. दादांनी कितीही ढवळलं असतं, तरी हे टळणार नव्हतं.

तेव्हापासून मी शोधत होते, की हे कोडं कुणी सोडवायचा प्रयत्न केलाय का. शोधता शोधता दोनशे वर्षं मागे गेले.

तोफेच्या नळीतला आवाज

१८२२. फ्रान्समधले शार्ल कान्यार द ला तूर. आवाजाचा नाद असलेला हा माणूस, सायरनही त्याच्याच नावावर आहे. त्यानं तोफेच्या नळीत थोडा द्रव आणि एक गारगोटीचा गोळा घातला, नळी दोन्हीकडून बंद केली, तापवली आणि हलवून कान लावला. आधी गोळा द्रवात पडल्याचा चुबुक आवाज यायचा. एका ठरावीक तापमानानंतर तो बंद झाला. आत द्रव आणि वाफ हा भेदच उरला नव्हता.

१८६९ साली बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूज यांनी हेच कार्बन डायऑक्साइडवर जाड काचेच्या नळ्यांत नीट मोजून दाखवलं. आज आपण आकडे सांगतो ते असे: ३१ अंश सेल्सिअस आणि सुमारे ७४ बार. कारच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन बार हवा असते, त्यावरून अंदाज घ्या. दाब बराच आहे, पण तापमान बघा. ३१ अंश! एप्रिलमध्ये नाशिकची दुपार त्याहून तापलेली असते. म्हणजे उष्णतेनं बिघडणाऱ्या औषधाला इथे त्रास नाही.

या अवस्थेत वायू इतका दाट होतो, की द्रवासारखा पदार्थ विरघळवतो, पण वायूसारखा पटकन पसरतो. त्या टोकाच्या थोडा अलीकडचा, तरीही भरपूर दाबलेला वायू धरून या सगळ्या प्रकाराला 'दाट वायू' म्हणतात.

१८७९ मध्ये ग्लासगोच्या हॅने आणि होगार्थ यांनी दाखवलं, की अशा दाट वाफेत घन क्षारसुद्धा विरघळतात. आणि दाब झटकन कमी केला, की ते हिमासारखे खाली पडतात. बारीक कण जन्माला घालण्याची किल्ली तेव्हाच सापडली होती. ती कुलपाला लावायला आणखी शंभर वर्षं गेली.

मधल्या काळात या वायूला कॉफीनं मोठं केलं. जर्मनीत म्युलहाइमच्या माक्स प्लांक संस्थेत कुर्ट झोझेल यांनी १९६०च्या दशकात दाट कार्बन डायऑक्साइडनं पदार्थ वेगळे करण्याचा अभ्यास केला. त्यातून कॉफीतलं कॅफीन काढायची पद्धत आली आणि १९७०च्या दशकाच्या अखेरीस ब्रेमेनला तिचा कारखाना सुरू झाला. म्हणजे मोठी भांडी, मोठा दाब, टनावारी माल, हे सगळं जमत होतं. अर्क काढणं वाढवता येत होतं. कण घडवणं मात्र वेगळं प्रकरण निघालं.

नळीच्या टोकावर अडलेली गाडी

१९८४ च्या सुमारास अमेरिकेत व्हॅल क्रुकोनिस यांनी औषधासारखे पदार्थ दाट वायूत विरघळवून बारीक छिद्रातून बाहेर सोडून दाखवले. दाब क्षणात पडतो, वायू उडून जातो आणि पूड खाली. हॅने-होगार्थचं हिमच ते, पण आता मुद्दाम पाडलेलं.

अडचण काय? बहुतेक औषधं कार्बन डायऑक्साइडमध्ये फारच कमी विरघळतात. समजा, एक किलो वायूत ०.१ ग्रॅम औषध मावलं. मग एक किलो पुडीसाठी १० टन वायू दाबायचा, सोडायचा आणि परत गोळा करून पुन्हा दाबायचा. प्रयोगशाळेत चालेल. कारखान्यात वीजबिलच सांगेल की बंद करा.

मग डाव उलटा केला. औषध विरघळत नाही ना वायूत? उत्तम! ते ॲसिटोनसारख्या द्रवात विरघळवा आणि त्यात वायू घुसवा. ॲसिटोनचं वायूशी छान जमतं. पाहुणा आला की घरातल्याला ओसरीवर झोपावं लागतं, तसं औषध बाहेर पडतं. १९८९ मध्ये क्रुकोनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत मांडली ती नायट्रोग्वानिडिन या स्फोटकाचे स्फटिक घडवण्यासाठी. दळायला भीती वाटावी असा पदार्थ, त्याला दळण्याशिवायचा मार्ग हवाच होता.

१९९०च्या दशकात इंग्लंडच्या ब्रॅडफर्ड विद्यापीठात पीटर यॉर्क आणि माझेन हॅना यांनी एकात एक बसवलेल्या नळ्यांचा नॉझल वापरला. आतून औषधाचं द्रावण, सोबत वेगानं येणारा दाट वायू, आणि दोघांची गाठ नॉझलच्या तोंडाशीच. मिसळणं मिलिसेकंदांत. त्यांनी ग्लॅक्सो वेलकमच्या संशोधकांबरोबर १९९९ मध्ये ज्या औषधावरचं काम प्रसिद्ध केलं, ते होतं साल्मेटेरॉल झिनाफोएट. हे वाचलं तेव्हा मी खरंच खुर्चीतून उठले. दम्याचं औषध! माझ्या कपाटातल्या एका इनहेलरवर हेच नाव आहे. त्यांना त्याची दोन स्फटिकरूपं हवी तशी वेगवेगळी मिळवता आली होती. २००१ मध्ये ब्रॅडफर्डची ही कंपनी अमेरिकेतल्या इनहेल थेराप्युटिक सिस्टिम्सनं विकत घेतली.

मग आज सगळे इनहेलर असेच बनतात का? नाही. बहुतेक पूड अजूनही जेट मिलमधूनच येते. कारण गाडी नॉझलपाशी अडते. छिद्र बारीक असतं आणि तिथेच पूड जन्मते, म्हणजे तेच तुंबायची भीती. छिद्र मोठं केलं, तर थेंब मोठे होतात आणि कणही बदलतात. मग एकाऐवजी पन्नास नॉझल लावा. पन्नासही सारखेच चालले पाहिजेत. सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात नील फॉस्टर यांच्या गटानं म्हणूनच बारीक नॉझल टाळला. द्रावण एकदम, दाबाच्या फरकानं, एका दमात दाट वायूच्या भांड्यात सोडायचं. माझ्या दृष्टीनं तो मामांच्या आचाऱ्याचा विचार होता. वाटी मोठी करू नका, पद्धत बदला.

पवईतला गोटी सोडा

आणि आता घराजवळची गोष्ट. पंचवटी एक्स्प्रेसनं कल्याणला उतरलं, की पुढे पवई काही लांब नाही. आयआयटी मुंबईच्या रसायन अभियांत्रिकी विभागात प्रा. ममता मुखोपाध्याय यांनी दाट कार्बन डायऑक्साइडवर दीर्घ काळ काम केलं. वनस्पतींतून अर्क काढण्याबद्दलचं त्यांचं इंग्रजी पुस्तक २००० साली सीआरसी प्रेसनं काढलं, आणि या विषयात आजही त्याचा संदर्भ दिला जातो.

अर्कांबरोबर त्यांनी कणांचाही प्रश्न घेतला. २००४ मध्ये समीर दळवी यांच्यासोबत त्यांनी दाट वायूत सोडलेल्या थेंबाचं काय होतं, तो फुगतो की आकसतो, उष्णता कुठून कुठे जाते, याचं गणित मांडलं. आणि २००९ मध्ये दोघांनी 'पावडर टेक्नॉलॉजी' या नियतकालिकात एक नवी पद्धत मांडली, जिच्यात कार्बन डायऑक्साइड त्या ७४ बारच्या टोकापर्यंत न्यावाच लागत नाही.

पद्धत समजायला गोटी सोडा आठवा. गोटी आत ढकलेपर्यंत बाटली शांत. ढकलली, की वरपासून तळापर्यंत सगळीकडे एकदम बुडबुडे. कुणी ढवळलं? कुणीच नाही. वायू आधीच प्रत्येक थेंबात बसलेला होता.

त्यांनी औषधासारखा पदार्थ ॲसिटोनसारख्या द्रवात विरघळवला आणि त्यात दाबाखाली वायू मुरू दिला. द्रव फुगतो, पण अजून काही पडत नाही. मग दाब झटक्यात सोडला. वायू सगळ्या द्रवातून उसळून बाहेर पडतो आणि जाताना उष्णता घेऊन जातो. गॅसची टाकी जोरात वापरली की तिच्यावर दव धरतं ना, तसंच, पण इथे द्रवाच्या आत. तापमान एकदम खाली येतं, द्रवाची विरघळवण्याची ताकद संपते आणि सगळीकडे एकाच वेळी कण धरतात.

हे वाचून मला माझा ५०० लिटरचा रिॲक्टर दिसला. तिथे थंडावा भिंतीतून येत होता आणि भिंत पुरत नव्हती. ब्रॅडफर्डमध्ये झटका नॉझलच्या तोंडाशी होता आणि तोंड पुरत नव्हतं. इथे थंडावा आतूनच, प्रत्येक थेंबातून येतो. भांडं मोठं झालं, तरी थेंबाला त्याचा पत्ता लागत नाही.

दोनशे वर्षांच्या या इतिहासातून मला मिळालेली गोष्ट हीच. 'किती मोठं करायचं' हा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, घटना नेमकी घडते कुठे? भिंतीवर, तोंडाशी, की सगळीकडे? जी गोष्ट सगळीकडे घडते, तीच मोठ्या पातेल्यात टिकते.

एवढ्यानं सगळं सुटलं असं म्हणत नाही. मोठ्या भांड्यातला दाब तेवढ्याच वेळात सोडायचा, तर व्हॉल्व्हही तेवढा मोठा हवा. फेस आवरायला हवा. पडलेले कण थंड ॲसिटोनमध्ये तसेच राहू दिले, तर ते तापताना पुन्हा विरघळू आणि वाढू लागतात, म्हणून गाळायची घाई. आणि बारीक कण एकमेकांना चिकटतातच, त्यांना दूर ठेवायला काहीतरी लागतं. शिवाय दाबाचं भांडं रुंदीला दुप्पट केलं, तर त्याच दाबाला पत्राही दुप्पट जाड लागतो. म्हणून तर टोकाच्या अलीकडचा, कमी दाबाचा मार्ग महत्त्वाचा.

वायूची मात्र आपल्याकडे कमी नाही. द्राक्षरस आंबताना दर १०० ग्रॅम साखरेमागे सुमारे ४९ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. नाशिकच्या वायनऱ्यांत हंगामात तो असाच हवेत जात असतो. तो गोळा करून शुद्ध करायला खर्च आहे, पण विचार करायला हरकत नाही. आमच्या बागेतल्या द्राक्षाच्या वायूतून माझ्या दम्याचं औषध! नानांना सांगितलं तर म्हणाले, "आधी भाव मिळू दे द्राक्षाला."

आता राहिले ते ऑपरेटर दादा. चूक ढवळणाऱ्या हातात नव्हती, कागदावरच्या गुणाकारात होती, हे मला तेव्हा नक्की ठाऊक नव्हतं, पण शंका आली होती. शंका आली तेव्हाच हात वर करायला हवा होता. त्यांचा नंबर माझ्याकडे आहे. हा भाग पोस्ट करायच्या आधी मी त्यांना फोन केला आणि हे सगळं सांगितलं. थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, तेव्हा बोलला असता तर बरं झालं असतं." बरोबर आहे त्यांचं. मी यावर काही बोलू शकले नाही.

तुमच्यापैकी कुणी अंबडला, सातपूरला, सिन्नरला प्लांटमध्ये ट्रेनी असाल, तर एवढं करा. लहान भांड्यातली कृती मोठ्यात जाते तेव्हा गुणाकार कुणी केला, ते कागदावर लिहून ठेवा. आणि बॅच बिघडली, तर आधी तो कागद काढा, माणूस नाही.

तुमच्या कारखान्यात, स्वयंपाकघरात किंवा शेतात मोठ्या पातेल्यानं कधी फसवलं असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवेन. तोवर काळजी घ्या, इनहेलर असेल तर सोबत ठेवा. भेटू!